पानगळीचा हिशेब

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘ऑटम’ हा शब्द काढून पाहा. समोर ‘शरद ऋतू’ असा अर्थ दिलेला आढळेल. आता हा शरद ऋतू आपल्याकडे कसा असतो ते आठवा. पाऊस नुकताच सरलेला असतो, आकाश धुतल्यासारखे निळे असते, आणि झाडे वर्षातली सर्वांत गर्द हिरवी असतात. पण याच ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडमधली झाडे पिवळी, तांबडी, तपकिरी होऊन पाने टाकू लागतात. अमेरिकेत तर या ऋतूला ‘फॉल’, म्हणजे सरळ ‘गळती’ असेच म्हणतात. आपली पानगळ यायची ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. चांगली तीन-चार महिन्यांनंतर!

सूर्य तोच, हवेतला कार्बन डायऑक्साइड तोच, पानातले हिरवे द्रव्यही तेच. मग दोन देशांतल्या झाडांच्या पंचांगात एवढा फरक का? शब्दकोशाने याचे उत्तर मिळणार नाही. त्यासाठी इंग्लंडमधल्या एखाद्या रानवाटेवरच जाऊन पाहिले पाहिजे. चला तर, आपण मनाने तिकडे एक फेरफटका मारू. तारीख धरू २० ऑक्टोबर. ठिकाण, लंडनच्या वायव्येला असलेल्या चिल्टर्न टेकड्या. त्यांच्या पायथ्याशी वेंडोव्हर नावाचे एक छोटे गाव आहे, तेथून निघू. पायांत जाड बूट आणि हातात एक मीटर लांबीची काठी तेवढी असू द्या. काठीचा उपयोग पुढे आहे.

लगामाची वाट

गावाबाहेर पडताच एका खांबावर निळा बाण रंगवलेला दिसतो. ही ‘ब्रायडलवे’ची खूण. ब्रायडल म्हणजे घोड्याचा लगाम. तेव्हा तिला आपण घोडेवाट म्हणू. पिवळा बाण असेल तर ती फक्त पायी जाणाऱ्यांची वाट. घोडेवाटेवर मात्र चालता येते, घोड्यावरून जाता येते किंवा घोडा हाती धरून नेता येतो. १९६८ च्या कायद्याने सायकलवाल्यांनाही येथे मुभा मिळाली. मात्र त्यांनी पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची, अशी अट आहे.

गंमत अशी की, या वाटेखालची जमीन बहुधा कोणाच्या तरी खासगी मालकीची असते. पण पिढ्यान् पिढ्या लोक तेथून जात आले, म्हणून जाण्याचा हक्क सर्वांचा. आपल्याकडे शेताच्या बांधावरून ‘वहिवाट’ असते ना, तसेच हे. १९४९ साली तेथे कायदा झाला आणि अशा वाटा अधिकृत नकाशावर नोंदवण्याचे काम सुरू झाले. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटांची लांबी आज सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते.

थोडे पुढे गेलात की बूट चिखलात रुततील. पायवाटेपेक्षा घोडेवाटेवर चिखल नेहमीच जास्त. का बरे? येथे आपला दाबाचा धडा कामी येतो. साठ किलो वजनाच्या माणसाचे दोन्ही बूट मिळून साधारण ४०० चौरस सेंटीमीटर जागा व्यापतात असे धरा. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर १५० ग्रॅम भार आला. घोडा ५०० किलोचा आणि त्याच्या चार खुरांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ५०० चौरस सेंटीमीटर धरले, तर दर चौरस सेंटीमीटरवर १ किलो भार येतो. माणसाच्या जवळजवळ सातपट! चालताना सगळे खूर एकदम टेकलेले नसतात, म्हणजे प्रत्यक्ष दाब याहूनही जास्त. ओली माती एवढा दाब सोसत नाही. ती बाजूला सरकते, खड्डा पडतो, खड्ड्यात पाणी साचते. शेकडो वर्षे खूर आणि गाड्यांची चाके माती उकरत राहिली आणि पावसाचे पाणी ती वाहून नेत राहिले, की वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल जाते. टेकडी चढताना अशी एखादी खोल घळीसारखी वाट लागली, तर तिच्या दोन्ही बाजूंना झाडांची मुळे तुमच्या डोक्याच्या उंचीवर दिसतील.

घळीच्या कडेला मधूनच पांढरा दगड उघडा पडलेला आहे. त्याने खांबावर रेघ ओढून पाहा, फळ्यावर उमटते तशीच उमटेल. या टेकड्या खडूच्या आहेत! खराखुरा नैसर्गिक खडू. (वर्गात आपण वापरतो तो बहुधा जिप्समपासून बनवतात.) डायनोसॉरांच्या काळात येथे समुद्र होता. त्यातल्या अतिसूक्ष्म शैवालांची चुनखडीची कवचे तळाशी साचत गेली आणि हा दगड झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हापासून बनला, तो याच्या नंतरचा. खडू सच्छिद्र असल्याने पाणी लगेच खाली झिरपते आणि उतारावर माती पातळ थराचीच राहते. हे लक्षात ठेवा. पुढे या गोष्टीला फार महत्त्व येणार आहे.

दरीतले पांढरे तळे

सकाळी नऊच्या सुमारास आपण टेकडीच्या माथ्यावर येतो. कूम हिल नावाची ही टेकडी सुमारे २६० मीटर उंच आहे. वर स्वच्छ ऊन आहे, पण खालचे सपाट खोरे मात्र पांढऱ्या धुक्याने भरून गेले आहे, जणू दुधाचे तळेच. नेहमी वर गारठा आणि खाली ऊब असते. आज उलटे कसे?

रात्री आकाश निरभ्र होते. जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात टाकत राहिली. ढग असते तर त्यांनी यातली बरीच उष्णता खाली परत पाठवली असती. जमीन थंड झाली, तिला टेकलेली हवा थंड झाली. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळत खोऱ्यात जाऊन साचली. तेथे तापमान दवबिंदूच्या खाली गेले आणि वाफेचे बारीक थेंब झाले. हे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे ते सगळेच रंग सारखे विखुरतात आणि धुके पांढरे दिसते.

उन्हाळ्यात रात्री निरभ्र असूनही असे धुके तेथे सहसा होत नाही, कारण रात्र फार लहान असते. जमीन पुरती थंड होण्याआधीच सूर्य उगवतो. ऑक्टोबरात रात्र साडेतेरा तासांची झालेली असते. म्हणजे हे धुके हासुद्धा दिवस-रात्रीच्या हिशेबातलाच एक जमाखर्च आहे.

काठीची सावली

आता तुमची काठी काढा. भर मध्यान्ही, म्हणजे तिथल्या घड्याळात पाऊण वाजून गेल्यावर, ती मोकळ्या जागी सरळ उभी धरा आणि सावली मोजा. (घड्याळ तासभर पुढे का, तर ऑक्टोबर संपेपर्यंत तेथे ‘उन्हाळी वेळ’ पाळतात.) एक मीटर काठीची सावली सुमारे १ मीटर ८८ सेंटीमीटर भरेल. त्याच दिवशी पुण्यात तुमच्या मित्राने मध्यान्ही हाच प्रयोग केला, तर सावली भरेल फक्त ५५ सेंटीमीटर.

यावरून सूर्याची उंची काढता येते. वेंडोव्हर सुमारे ५१.७ उत्तर अक्षांशावर आहे आणि २० ऑक्टोबरला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १०.३ अंशांवर असतो. ९० मधून हे दोन्ही वजा केले की २८ अंश उरतात. भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त २८ अंश वर! पुण्यात हीच उंची सुमारे ६१ अंश येते. वेंडोव्हरला २१ जूनला, म्हणजे भर उन्हाळ्यात, सूर्य जास्तीत जास्त वर चढतो तेव्हाही त्याची उंची ६२ अंशांच्या आतच असते. म्हणजे आपल्या ऑक्टोबरातला मध्यान्हीचा सूर्य आणि त्यांच्या उन्हाळ्यातला सर्वांत उंच सूर्य जवळजवळ सारखेच!

तिरप्या उन्हाचा परिणाम काय होतो? एक चौरस मीटर जाडीचा प्रकाशाचा झोत घ्या. सूर्य डोक्यावर असता तर तो जमिनीच्या एक चौरस मीटरवरच पडला असता. २८ अंशांवर असताना तोच झोत २.१ चौरस मीटरवर पसरतो. २१ डिसेंबरला सूर्य जेमतेम १५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तो जवळजवळ ३.९ चौरस मीटरवर पसरेल. तेवढीच ऊर्जा, पण वाटेकरी चौपट. शिवाय या किरणांना हवेच्या जाड थरातून तिरके यावे लागते, त्यात निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातो. म्हणून ऑक्टोबरातले तिथले ऊन दुपारीसुद्धा किंचित सोनेरी वाटते, आणि पिवळ्या पानांवर पडले की रान उजळून निघाल्यासारखे दिसते.

त्यात दिवसही लहान. २० ऑक्टोबरला तेथे दिवस सुमारे १० तास २५ मिनिटांचा असतो आणि रोज साडेतीन मिनिटांहून अधिक कमी होत जातो. आठवड्याला जवळजवळ २५ मिनिटे! डिसेंबरात तो आठ तासांच्याही खाली येतो. ढगांचाही विचार केला, तर डिसेंबरात जमिनीवर पोहोचणारी सौरऊर्जा जूनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरते.

पान म्हणजे एक कारखाना

माथ्यावरून आता आपण रानात शिरू. येथे बहुतेक सगळी झाडे ‘बीच’ नावाच्या वृक्षाची आहेत. गुळगुळीत राखाडी खोड, सरळ उंच बांधा. एके काळी या लाकडाचे खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर याच रानात कामाला बसत आणि जवळच्या हाय विकम गावात त्या खुर्च्या जुळवल्या जात.

एक बीचचे पान हातात घ्या आणि त्याला एक छोटा कारखाना समजा. कारखान्याचे उत्पन्न म्हणजे प्रकाशसंश्लेषणातून तयार होणारी साखर. खर्च कोणता? पानाला जिवंत राहण्यासाठी श्वसन करावे लागते, त्यात साखर जळते. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत घेताना पाण्याची वाफ बाहेर जाते. ते पाणी मुळांनी पुरवावे लागते. हिवाळ्यात तेथे जमीन गारठते, कधी गोठते, आणि मुळांना पाणी ओढणे अवघड होते. बीचच्या पातळ पानातले पाणीच गोठले तर पेशी फुटतात.

आणखी एक खर्च आहे, तो भौतिकशास्त्रातला. पानांनी भरलेले झाड म्हणजे उभारलेले शीड. वारा त्यावर जोर लावतो, आणि झाड जितके उंच तितका बुंध्याशी येणारा आघूर्ण मोठा. याचा पुरावा इंग्लंडने डोळ्यांनी पाहिला आहे. १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे दक्षिण इंग्लंडवर मोठे वादळ आले. ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत होते. एका रात्रीत सुमारे दीड कोटी झाडे पडली. पावसाने जमीन मऊ झालेली होती, आणि मुख्य म्हणजे झाडांवर अजून पाने होती. हेच वादळ महिना-दीड महिना उशिरा आले असते, तर निष्पर्ण फांद्यांतून बराचसा वारा निसटून गेला असता.

जमा कमी आणि खर्च तेवढाच किंवा जास्त, असे झाले की शहाणा मालक कारखाना बंद करतो. झाडही तेच करते.

तुम्ही विचाराल, मग त्याच रानात होली आणि यू ही झाडे हिरवीच कशी? प्रश्न योग्य आहे. होलीचे पान हातात घ्या; ते जाड, चामड्यासारखे आणि मेणाच्या थराने झाकलेले आहे. असे पान बनवायला खर्च जास्त, पण ते काही वर्षे टिकते, पाणी कमी गमावते आणि थंडी सोसते. शिवाय वरची बीचची पाने गळली की खाली उभ्या होलीला हिवाळ्यातला प्रकाश मिळू लागतो. बीचने स्वस्त आणि हंगामी कारखाना काढला, होलीने महाग आणि टिकाऊ. दोघांचाही हिशेब जुळतो.

सामान आधी, मग कुलूप

कारखाना बंद करताना मालक आतले मौल्यवान सामान आधी बाहेर काढतो. पानातले मौल्यवान सामान म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. हे मातीतून मोठ्या कष्टाने मिळवावे लागतात. पानातला बराचसा नायट्रोजन प्रथिनांत असतो. झाड ती प्रथिने मोडते आणि नायट्रोजन खोडात, फांद्यांत आणि मुळांत साठवते. साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक साठा असा परत मिळतो.

पण येथे एक धोका आहे. हिरवे द्रव्य, म्हणजे हरितद्रव्य, प्रकाश शोषतच राहते. आजूबाजूची यंत्रणा मोडली आणि ते तसेच राहिले, तर शोषलेली ऊर्जा पेशीचीच नासधूस करील. म्हणून झाड हरितद्रव्य आधी निकामी करते. उन्हाळ्यात ते सतत मोडत आणि नव्याने बनत असते. आता बनणे थांबते. हिरवा पडदा दूर झाला की मागचा पिवळा रंग दिसू लागतो. हा पिवळा रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. तो नव्याने आलेला नसतो, उन्हाळाभर हिरव्याच्या आड लपलेला होता.

तांबड्या रंगाची गोष्ट वेगळी. रानाच्या कडेला रानचेरीची लालभडक पाने दिसतात. हा लाल रंग अँथोसायनिन या द्रव्याचा आणि तो ऑटममध्ये मुद्दाम नव्याने बनवलेला असतो. मरणाऱ्या पानावर हा खर्च कशासाठी? शास्त्रज्ञांत यावर अजून वाद आहे. काही म्हणतात, हे कीटकांना दिलेले इशारे आहेत. बऱ्याच जणांचे मत असे की, सामान काढून घेण्याचे नाजूक काम चालू असताना उन्हापासून संरक्षण देणारी ही छत्री आहे. या दुसऱ्या मताला आपल्याकडे एक जोड मिळते. चैत्रात पिंपळाची, कुसुंबाची किंवा आंब्याची कोवळी पालवी पाहा. तीही तांबूस असते, आणि बहुतांशी अँथोसायनिनमुळेच! तेथे यंत्रणा अजून उभी राहायची असते, इकडे ती मोडली जात असते. दोन्ही वेळा कडक ऊन सोसणारे हरितद्रव्याचे काम पुरते जमलेले नसते.

बीचचे पान पिवळ्यावरून तांब्याच्या रंगाचे आणि शेवटी तपकिरी होते. हा तपकिरी रंग मुख्यतः टॅनिन जातीच्या द्रव्यांचा, चहाच्या चोथ्यात असतो त्याच नात्यातला.

सामान निघाले की कुलूप लागते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक खास थर असतो. पान निरोगी असताना त्यातून ऑक्झिन हे संप्रेरक देठाकडे येत राहते. ते कमी झाले आणि एथिलीन या वायूचा प्रभाव वाढला की या थरातल्या पेशींना जोडणारा लगदा विरघळू लागतो. फांदीच्या बाजूला बुचासारखा थर तयार होऊन जखम आधीच बंद होते. मग वाऱ्याची एक झुळूक, कधी तर पानाचे स्वतःचे वजनही पुरते. ‘वाऱ्याने पाने पाडली’ असे आपण म्हणतो ते अर्धेच खरे. दार झाडाने उघडून ठेवलेले असते, वारा फक्त ढकलतो.

तारीख कोण सांगते?

झाडाकडे ना दिनदर्शिका, ना घड्याळ. पण पानात फायटोक्रोम नावाचे एक द्रव्य असते. त्याची दोन रूपे असून लाल प्रकाशात ते एका रूपातून दुसऱ्यात जाते आणि अंधारात हळूहळू परत फिरते. यावरून रात्र किती लांबली हे झाडाला समजते. रानातून उतरून गावाकडच्या शांत रस्त्याला लागलात की दिव्याच्या खांबालगतची झाडे नीट पाहा. दिव्याजवळच्या फांदीवर पाने काही वेळा जास्त दिवस हिरवी राहतात. दिव्याने त्या फांदीची रात्रच चोरलेली असते!

रात्रीची लांबी कधीच फसवत नाही. १७८० सालीही २० ऑक्टोबरची रात्र तेवढीच होती, २०८० सालीही तेवढीच असेल. पण झाड एकट्या रात्रीवर विसंबत नाही; ते तापमान आणि पाणीही पाहते.

आपला हिशेब पाण्याचा

आता आपण शब्दकोशातल्या कोड्याकडे येऊ. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे ११ तासांचा असतो, आणि सूर्य मध्यान्ही ४८ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे प्रकाशाची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. आपली टंचाई असते पाण्याची. ऑक्टोबरात मातीत भरपूर ओल आणि वर लख्ख ऊन. कारखाना बंद करायचे कारणच नाही. पौष-माघापासून ओल सरकत खोल जाते, हवा कोरडी होते. तेव्हा सागाची भली मोठी पाने पाणी उडवत राहिली तर झाडच सुकेल. म्हणून साग, पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे तेव्हा पाने टाकतात.

इंग्लंडमधला बीच प्रकाश आणि उष्णता कमी झाली म्हणून कारखाना बंद करतो. आपला साग पाणी आटले म्हणून. कारणे दोन, पण वही एकच. म्हणून ‘ऑटम’ आणि ‘शरद’ हे एकाच महिन्यात येत असले तरी झाडांच्या दृष्टीने ते एक ऋतू नव्हेत.

ऑगस्टातली पानगळ

येथवर सारे ठाकठीक वाटले असेल. पण २०२२ साली या वहीत एक विपरीत नोंद झाली. त्या वर्षी १९ जुलैला इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबी येथे पारा ४०.३ अंश सेल्सिअसवर गेला. त्या देशात चाळिशी ओलांडल्याची ही पहिलीच नोंद. पाऊसही फार कमी झाला. आणि ऑगस्टमध्येच दक्षिण इंग्लंडमधल्या कित्येक झाडांची पाने पिवळी पडून गळू लागली. लोकांनी याला ‘खोटा ऑटम’ म्हटले. सूर्य उंच होता, दिवस मोठे होते, उत्पन्नाची कमतरता नव्हती. तरी कारखाने बंद पडले, कारण पाणी संपले. थोडक्यात, इंग्लंडच्या झाडांनी त्या उन्हाळ्यात आपल्या सागासारखे वागून दाखवले.

फरक एवढाच की सागाची ही लाखो वर्षांची सवय आहे, बीचची नाही. घाईने टाकलेल्या पानातून सामान पुरते परत घेता येत नाही. बीचची मुळे उथळ असतात, आणि खडूवरची माती पातळ असते, हे आपण घळीत पाहिलेच. १९७६ च्या मोठ्या दुष्काळानंतरही तेथे पुष्कळ बीच वृक्ष वाळले होते. हा वृक्ष दोनशे वर्षे सहज जगतो. म्हणजे आज घोडेवाटेच्या कडेला रुजलेले बी २२०० सालच्या हवामानात उभे राहणार आहे. रात्रीची लांबी तेव्हाही आजच्याएवढीच असेल, पण उष्णता आणि पाऊस तेवढेच असतील असे कोणी म्हणू शकत नाही. हजारो वर्षे एकमेकांशी जुळलेली ही घड्याळे आता एकमेकांपासून सरकू लागली आहेत. ती किती सरकली हे कळायचे तर जुन्या नोंदी हव्यात.

अशा नोंदी ठेवणारे लोक होऊन गेले. इंग्लंडमध्ये नॉरफक येथे रॉबर्ट मार्शम या गृहस्थाने १७३६ साली वसंतातल्या खुणा लिहायला सुरुवात केली: कोणत्या झाडाला पहिली पालवी कधी फुटली, कोणता पक्षी कधी आला. त्याच्यानंतर घरच्या पिढ्यांनी हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. त्याला दुर्बीण लागली नाही की प्रयोगशाळा. लागली ती वही आणि चिकाटी. आज शास्त्रज्ञ त्या नोंदी हवामानबदलाच्या अभ्यासासाठी वापरतात. भारतातही ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळकरी मुले झाडांच्या नोंदी करतात.

आता तुमची पाळी

१. घराजवळचे किंवा शाळेच्या आवारातले एक झाड निवडा. पिंपळ, बदाम, पळस, साग, कोणतेही चालेल. दर रविवारी लिहा: हिरवी पाने किती, पिवळी किती, नवी पालवी आहे का, जमिनीवर पाने किती. मोजणे अवघड असेल तर ‘नाही, थोडी, निम्मी, सगळी’ एवढेच लिहा. सोबत त्या आठवड्यात पाऊस पडला की नाही हेही लिहा.

२. एक मीटर काठी ऊन असलेल्या मोकळ्या जागी सरळ रोवा. सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती मोजा. २० ऑक्टोबर, २१ डिसेंबर, २१ मार्च अशा तारखांना पुन्हा मोजा. कागदावर प्रमाणात काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने सूर्याची उंची मोजा. तुमच्या गावाचा अक्षांश नकाशात पाहून उत्तर पडताळा.

३. हिरव्या पानांचे बारीक तुकडे वाटीत घेऊन त्यावर थोडे स्पिरिट ओता आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. (स्पिरिट विस्तवाजवळ मुळीच नेऊ नका, हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.) द्रव हिरवा झाला की त्यात टीपकागदाच्या पट्टीचे टोक बुडवून ठेवा. तासाभराने पट्टीवर हिरव्याबरोबर पिवळा पट्टाही दिसेल. उन्हाळाभर आड लपणारा रंग तो हाच.

पहिल्या प्रयोगाला वर्ष लागेल. एका वर्षाच्या नोंदीने फारसे काही सिद्ध होत नाही, हेही लक्षात असू द्या. पण तुमच्यानंतर तुमच्या धाकट्या भावंडाने ती वही पुढे चालवली, मग शाळेतल्या पुढच्या तुकडीने, तर पंचवीस वर्षांनी तुमच्या गावाजवळ अशी एक गोष्ट असेल जी आज कोणाकडेही नाही: त्या झाडाने आपला कारखाना केव्हा बंद केला आणि केव्हा उघडला, याचा खरा हिशेब. वहीच्या पहिल्या पानावर झाडाचे नाव, जागा आणि तारीख लिहायला विसरू नका.